लहान बेटावर स्काऊट पथक सुरू करताना

बेटावर मुलं मोजकी, मोठी माणसं त्याहून मोजकी, आणि जी आहेत ती आधीच दहा कामांत अडकलेली. अशा ठिकाणी स्काऊट पथक काढायचा विषय निघाला की पहिली शंका संख्येची येते. एवढ्याशा मुलांत कसलं पथक होणार? ही शंका आधी मनातून काढून टाका. स्काऊटिंगचा पहिला कॅम्पच मुळी एका लहान बेटावर झाला. १९०७ च्या ऑगस्टमध्ये या चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पूल बंदरात, ब्राउनसी बेटावर, साधारण वीस मुलं नेली आणि त्यांचे चार संघ पाडले: लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू पक्षी. म्हणजे एकेका संघात पाचच जण. पुढे ही चळवळ जगभर पसरली तरी तिचा पाया तोच राहिला, पाच-सात मुलांचा संघ आणि त्यातलाच एक नायक. तुमच्याकडे सहा मुलं असतील तर तुमच्याकडे एक संघ आहे, आणि एका संघावर काम सुरू करता येतं.

बेटावरची खरी अडचण संख्येची नसते, ओळखीची असते. सगळे सगळ्यांना ओळखतात, निम्मे एकमेकांच्या नात्यातले असतात, आणि म्हणून नियम सैल पडतात. ‘तो काय परका आहे?’ म्हणून संमतीपत्र राहतं. ‘इथलीच तर मुलं आहेत, पोहता येतं त्यांना’ म्हणून लाइफ जॅकेट बोटीच्या तळाशी पडून राहतं. नव्यानं हे काम हाती घेणाऱ्यांनी सगळ्यात जास्त जपायचं ते इथेच. त्यामुळे पुढे काही पायऱ्या मी झटकन सांगणार आहे आणि काहींवर मुद्दाम रेंगाळणार आहे.

पहिलं काम: कोणाच्या तरी छत्राखाली या

स्वतःच्या मनानं स्कार्फ शिवून, शपथ घेऊन पथक सुरू करू नका. नोंदणी हवीच. लहान बेटांना बहुतेक वेळा स्वतःची वेगळी राष्ट्रीय संस्था नसते, मोठ्या संस्थेची शाखा म्हणून ती चालतात. फॉकलंड आणि सेंट हेलेना इथलं स्काऊटिंग ब्रिटनच्या स्काऊट असोसिएशनशी जोडलेलं आहे. गुआम आणि अमेरिकन सामोआ अमेरिकेच्या स्काऊट संस्थेच्या हवाईमधल्या शाखेखाली, अलोहा कौन्सिलखाली, येतात. तुमचं बेट ज्या देशाचं आहे तिथली संस्था शोधा, आणि ती जागतिक स्काऊट संघटनेची, मुलींसाठी असेल तर जागतिक गर्ल गाइड संघटनेची, सदस्य आहे की नाही ते बघा. नोंदणीमुळे विमा, प्रशिक्षण, वयोगटांची रचना आणि बॅजचा अभ्यासक्रम मिळतो. आणखी एक गोष्ट मिळते जी बेटावर फार मोलाची असते: काही बिनसलं तर दाद मागायला बेटाबाहेरचं एक ठिकाण.

अगदीच दोन-तीन मुलं असतील तरी निराश होऊ नका. काही देशांत एकेकट्या राहणाऱ्या मुलांसाठी ‘लोन स्काऊट’ अशी सोय आहे. पत्रानं, रेडिओवरून किंवा इंटरनेटवरून ती मुलं एखाद्या दूरच्या पथकात सामील होतात. तुमच्या संस्थेकडे तशी सोय आहे का, ते पहिल्याच पत्रात विचारून घ्या.

दुसरं काम: मोठी माणसं जमवा, आणि त्यांच्यावर ओझं टाकू नका

शाळेतल्या बाई, दवाखान्यातली नर्स, बोट चालवणारे काका, ही मंडळी आधीच सगळ्या समित्यांवर असतात. त्यांना ‘दर आठवड्याला या’ म्हटलंत तर तिसऱ्या महिन्यात पथक बंद पडेल. कायम येणारी माणसं तीन धरा, चार असतील तर उत्तम. बाकीच्यांना एकेका विषयापुरतं बोलवा. नर्सबाईंनी वर्षातून दोनदा येऊन प्रथमोपचार शिकवावा. बोटवाल्यांनी दोर आणि इंजिन शिकवावं. जाळी विणणाऱ्या आजोबांनी एक संध्याकाळ द्यावी. ज्याला जे येतं तेवढंच मागितलं की माणूस सहसा नाही म्हणत नाही.

त्या तिघा-चौघांत किमान एक स्त्री आणि एक पुरुष असू द्या. लहान बेटावर मुलगे आणि मुली वेगळी पथकं करण्याइतके नसतात, पथक मिश्रच होतं. ते चांगलंही आहे. पण मुक्कामाच्या वेळी झोपण्याची आणि आंघोळीची व्यवस्था वेगळी लागते आणि दोन्हीकडे जबाबदार माणूस लागतो. याची तजवीज कॅम्पच्या आदल्या दिवशी होत नाही, ती पहिल्या बैठकीतच करावी लागते.

ओळखीच्या माणसांत नियम पाळणं

जागतिक स्काऊट संघटनेचं ‘सेफ फ्रॉम हार्म’ नावाचं धोरण आहे, आणि सदस्य संस्थांचे मुलांच्या सुरक्षिततेचे नियम त्याला धरून असतात. मोठ्या शहरात हे नियम पाळणं तुलनेनं सोपं, कारण तिथे सगळेच अनोळखी. बेटावर तुम्हाला तुमच्याच मेहुण्याला सांगावं लागतं की, ‘दादा, तुमची पार्श्वभूमी तपासल्याचा कागद आल्याशिवाय तुम्ही मुलांबरोबर कॅम्पला येऊ शकत नाही.’ हे बोलायला जड जातं. तरी बोलायचं. उपाय एकच: नियम सगळ्यांना, आणि पहिला कागद स्वतःचा. पथकप्रमुखानं स्वतःची तपासणी सगळ्यात आधी करून तो कागद पालकांसमोर ठेवला की पुढच्याला वाईट वाटायला जागा उरत नाही.

कुठल्याही वेळी किमान दोन मोठी माणसं हजर असावीत. एक मोठा माणूस आणि एक मूल बंद दाराआड एकटे, असं कधीही नको, मग ते बॅजची परीक्षा घेण्यासाठी असो की रडणाऱ्या मुलाची समजूत काढण्यासाठी. समजूत काढायची तर उघड्या व्हरांड्यात, बाकीच्यांना दिसेल अशा जागी बसून काढा. मुलांना फोनवर खाजगी निरोप पाठवू नका. पालक ज्यात आहेत अशा गटातच निरोप टाका.

तक्रारीचा रस्ता बेटाबाहेर जायला हवा, आणि बेटासाठी हा नियम मी सगळ्यात वर ठेवीन. मुलाला ज्याच्याबद्दल सांगायचं आहे तो माणूस कदाचित सरपंचांचा भाऊ असेल, शिक्षकांचा मित्र असेल, किंवा स्वतः पथकप्रमुख असेल. अशा वेळी ‘प्रमुखांना येऊन सांगा’ या वाक्याला काही अर्थ राहत नाही. राष्ट्रीय संस्थेतल्या जबाबदार व्यक्तीचं नाव आणि नंबर पथकाच्या जागेत मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावून ठेवा. प्रत्येक मुलाच्या वहीतही तो लिहून द्या. तो नंबर कशासाठी आहे, हे सहा महिन्यांतून एकदा मुलांना साध्या शब्दांत सांगा.

आणखी एक छोटी गोष्ट. आपल्याच मुलाला किंवा पुतण्याला बॅज आपण द्यायचा नाही. दुसऱ्या कुणी तपासावं. दोन घरांत आधीच बोलाचाली बंद असते, त्यात बॅजवरून नवं भांडण पेटायला वेळ लागत नाही.

तिसरं काम: संघ बांधा

वयोगट प्रत्येक देशात थोडे वेगळे असतात, पण साधारणपणे दहा-अकराच्या खालची मुलं कब आणि त्यावरची स्काऊट. बेटावर दोन्ही वेगळ्या वेळी भरवण्याइतकी माणसं नसतात. मग असं करा: सभेची सुरुवात आणि शेवट एकत्र, मधला भाग वेगळा. मधल्या वेळात एक मोठा माणूस छोट्यांना घेऊन बसतो, आणि थोरली मुलं आपल्या संघात, आपल्या नायकाच्या हाताखाली, काम करतात. थोड्या अंतरावर मोठं माणूस असतंच.

संघनायक निवडताना सगळ्यात हुशार मुलगा किंवा सगळ्यात बडबडी मुलगी निवडायचा मोह होतो. त्यापेक्षा लहानांना कंटाळत नाही असं मूल बघा. संघाचं नाव आणि आरोळी मुलांना ठरवू द्या. किनाऱ्यावर दिसणारा पक्षी, मासा, काहीही चालेल. आणि मग नायकाला खरोखर काम द्या. दोर कोणी आणायचा, आज शेकोटीची लाकडं कोण गोळा करणार, पुढच्या शनिवारी काय करायचं, हे त्यानं संघाबरोबर ठरवावं आणि तुमच्या कानावर घालावं. तुम्ही ठरवून त्याच्याकडून वदवून घेऊ नका, मुलांना ते लगेच कळतं.

गणवेशाची घाई नको. बेटावर कापड येतं बोटीनं, आणि प्रत्येक घराला एकदम खर्च झेपतोच असं नाही. पहिलं वर्ष फक्त स्कार्फवर काढा. स्कार्फ आणि शपथ एवढ्यानं मूल स्काऊट होतं. स्कार्फ झोळी बांधायला, पट्टी करायला, हात हलवून खूण करायलाही उपयोगी पडतो, त्यामुळे तो मोठा आणि मजबूत शिवून घ्या. शपथ मात्र लगेच देऊ नका. दोन-तीन महिने मूल येऊ दे, नियम काय आहेत ते त्याला कळू दे, मग त्यानं स्वतः मागावी.

चौथं काम: सभेची वेळ भरती-ओहोटी बघून ठरवा

शहरातलं पथक शनिवारी पाच म्हटलं की शनिवारी पाचला भरतं. बेटावर एक आठवडा पाचला ओहोटी असते आणि पुढच्या आठवड्यात त्याच वेळी पाणी भिंतीला लागलेलं असतं. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणजे भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. महिन्याचं वेळापत्रक करताना तक्ता समोर ठेवा. ओहोटीचे शनिवार खडकांवर, चिखलात, किनाऱ्यावर घालवा. भरतीचे शनिवार दोर, गाठी, नकाशा, प्रथमोपचार आणि खेळांसाठी ठेवा.

सुरुवातीच्या सभांमधला एक प्रयोग मी प्रत्येक नव्या पथकाला करायला सांगेन. एक लांब काठी घ्या, तिच्यावर दर दहा सेंटिमीटरला रंगाची रेघ मारा, आणि धक्क्याच्या खांबाला उभी बांधा. पूर्ण ओहोटीपासून पूर्ण भरतीपर्यंत, साधारण सहा तास, दर तासाला पाणी कुठवर आलं ते मुलांनी लिहायचं. एका संघानं सकाळ सांभाळायची, दुसऱ्यानं दुपार. समजा त्या दिवशी पाणी एकूण २४० सेंटिमीटर चढलं. मुलांना वाटतं की ते दर तासाला सारखं, चाळीस-चाळीस सेंटिमीटर, चढलं असेल. वही बघितली की दिसतं: पहिल्या तासात सुमारे २०, दुसऱ्यात ४०, तिसऱ्या आणि चौथ्यात ६०-६०, मग पुन्हा ४० आणि २०. खलाशी याला बारा भागांचा नियम म्हणतात: एक, दोन, तीन, तीन, दोन, एक. ‘आत्ता तर घोट्याइतकं होतं’ असं म्हणता म्हणता वाळूच्या दांड्यावर माणूस का अडकतो, ते या आकड्यांतून मुलांना आपोआप कळतं. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं. काही बेटांवर दिवसातून एकच भरती येते किंवा पाणी जेमतेम चढतं, तिथे आकडे वेगळे येतील. म्हणूनच आपल्या किनाऱ्यावर मोजायचं. तोच प्रयोग अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपास उधाणाला आणि अष्टमीच्या आसपास भांगाला पुन्हा करा. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

वर्षभराचं काम: बेटाचा स्वतःचा नकाशा

पहिल्या वर्षासाठी पथकाला एकच मोठं काम द्यायचं असेल तर ते हे द्या. बेट लहान आहे, हा इथे फायदा आहे. शहरातल्या मुलांना आपलं अख्खं शहर पायाखाली घालता येत नाही, तुमच्या मुलांना येतं.

सुरुवात पावलांनी करा. शंभर मीटरचा दोर टाकून प्रत्येकानं आपली पावलं मोजायची आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा. मग होकायंत्र घेऊन एका टोकापासून निघायचं: दिशा, पावलं, दिशा, पावलं. संध्याकाळी परत येऊन मोठ्या कागदावर रेघा जोडायच्या. पहिल्यांदा किनारा जुळत नाही, शेवटची रेघ समुद्रात जाते किंवा एखाद्याच्या घरातून जाते. पुन्हा मोजायचं. दोन संघांनी उलट दिशांनी मोजलं तर चूक कुठे झाली ते सापडतं.

बाह्यरेषा झाली की नावं भरायला घ्या. प्रत्येक खडकाला, खाडीच्या तोंडाला, खोल जागेला बेटावर नाव असतं, आणि त्यातली बरीच नावं छापील नकाशात नसतात. ती मासेमारी करणाऱ्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतात. दोन-दोन मुलांनी, पालकांना सांगून, एकेका आजी-आजोबांकडे जायचं आणि विचारायचं: याला काय म्हणतात, का म्हणतात, इथे कधी काय झालं होतं. त्यांच्या तोंडून येईल ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं.

हे नुसतं आठवणी जमवणं नाही. इंडोनेशियातल्या सिम्यूलु बेटावर १९०७ साली त्सुनामी आली होती आणि पुष्कळ माणसं गेली होती. वाचलेल्यांनी ती गोष्ट ‘स्मोंग’ या नावानं नातवंडांना सांगितली, गाण्यांतून सांगितली: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला तर काही गोळा करत बसू नका, डोंगराकडे पळा. २६ डिसेंबर २००४ ला भूकंपाचं केंद्र त्या बेटाजवळच होतं, लाट पोचायला फार वेळ नव्हता आणि कसलाही भोंगा वाजला नाही. तरी सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर त्या दिवशी सातच्या आसपास माणसं दगावली, कारण बाकीचे कोणी न सांगता चढावर पळाले होते. आजीच्या तोंडची गोष्ट वहीत उतरवून घेण्याचं महत्त्व मुलांना सांगायचं असेल तर हे सांगा.

मग नकाशावर तिसरा थर चढवा: गोड्या पाण्याच्या विहिरी, उंच जागा आणि तिथे जायच्या वाटा, पक्की बांधकामं, हेलिकॉप्टर उतरू शकेल असं मैदान, रेडिओ असलेली घरं. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची घरंही टिपून ठेवा, पण ती यादी भिंतीवर लावू नका. ती ग्रामपंचायत, दवाखाना किंवा आपत्तीचं काम बघणाऱ्यांकडेच द्या. वादळाच्या आधी कोणी कोणत्या घरी जाऊन हाक मारायची हे मोठ्यांनी ठरवावं, आणि धोका यायच्या कितीतरी आधी मुलांनी मोठ्यांबरोबर जाऊन पाणी भरून देणं, खिडक्या बांधणं असली कामं करावीत. प्रत्यक्ष वादळात मुलं घरातच हवीत. त्यात अपवाद नाही.

पाण्याचे नियम

बेटावरचं मूल म्हणजे समुद्रात पटाईत, असं सगळे गृहीत धरतात. १९२१ साली दक्षिण ध्रुवाकडचे प्रसिद्ध शोधक अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या ‘क्वेस्ट’ जहाजावरच्या मोहिमेसाठी सुमारे सतराशे स्काऊटांच्या अर्जांतून दोघांची निवड झाली: स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचा जेम्स मार आणि तिथल्याच ऑर्कनी बेटांवरचा नॉर्मन मूनी. बेटावर वाढलेल्या मूनीला बोट इतकी लागली की मदेइरा बेटावरून त्याला घरी परतावं लागलं. त्यात त्याचा काही दोष नव्हता. प्रत्येक मुलाला पाण्यात घालून, किनाऱ्याजवळ, मोठ्यांच्या देखरेखीखाली तपासल्याशिवाय ‘याला येतं’ असं लिहू नका. कपडे अंगावर असताना तरंगता येतं का, हेही बघा, कारण माणूस बोटीतून पडतो तेव्हा पोहण्याच्या कपड्यांत नसतो.

आणि लेस्डाऊनची गोष्ट प्रत्येक नव्या प्रमुखाला माहीत हवी. ४ ऑगस्ट १९१२ ला लंडनच्या वॉलवर्थ भागातली स्काऊट मुलं नावेतून इंग्लंडच्याच शेपी बेटावरच्या लेस्डाऊनला कॅम्पसाठी चालली होती. किनारा जवळ आला असताना अचानक वाऱ्याचा जोरदार झोत आला, नाव उलटली आणि नऊ मुलं बुडाली. बरोबर मोठी माणसं होती. किनारा जवळ असणं आणि मोठी माणसं बरोबर असणं, एवढ्यानं भागत नाही.

म्हणून बोटीत पाय ठेवण्याआधी लाइफ जॅकेट अंगावर आणि पट्टे बांधलेले, प्रमुखाच्याही. मापाचं जॅकेट नसेल तर ते मूल त्या दिवशी किनाऱ्यावर थांबेल. हवामानाचा अंदाज त्याच सकाळी पुन्हा बघायचा. बोटवाल्या काकांनी ‘आज नको’ म्हटलं की विषय संपला, त्यावर चर्चा नाही. कोण कोण गेलं, कुठे गेलं, कधी परतणार, ही यादी किनाऱ्यावर एका माणसाच्या हातात हवी, आणि वेळ उलटली तर त्यानं काय करायचं तेही तिच्यावर लिहिलेलं हवं.

मुलांना बुडणाऱ्याच्या मागे उडी मारायला शिकवू नका. आधी काठी पुढे करा, काठी पोचत नसेल तर दोर किंवा तरंगणारं काहीतरी फेका, आणि मोठ्यानं हाका मारा. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही, त्याचं तोंडच पाण्याच्या पातळीला असतं, हे मुलांना ठाऊक असलं पाहिजे. किनाऱ्यापासून आत समुद्रात ओढणाऱ्या प्रवाहात सापडलं तर त्याच्याशी झगडायचं नाही, तरंगत राहायचं, हात उंचावून मदत मागायची, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर पडायचं.

दोर फेकण्याचा सराव दर महिन्याला घ्या. दोराच्या टोकाला बोलाईन गाठीचा फास हवा, कारण ती ताण आला तरी आवळत नाही आणि नंतर सुटते. दोराच्या मधल्या भागात एक लहान वेटोळं करा, टोक त्यातून खालून वर काढा, लांब दोराच्या मागून फिरवा आणि त्याच वेटोळ्यातून पुन्हा खाली घाला, मग ओढा. डोळे मिटून बांधता येईपर्यंत ती येत नाही असंच समजा. तुमच्या बोटवाल्यांची बांधण्याची तऱ्हा वेगळी असेल. गाठ तीच येत असेल तर त्यांचीच तऱ्हा शिकवा, मुलं ती रोज बघतात.

संकटातली शिट्टीची खूण: एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर तीन शिट्ट्यांचं. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ (बोटींचा बिनतारी संच) असेल तर चॅनेल १६ हे संकटाच्या आणि पहिल्या हाकेसाठी असतं, म्हणून तिथे गप्पा मारायच्या नाहीत, ते सांगा. संकटात चार गोष्टी बोलायला शिकवा: आम्ही कोण, कुठे आहोत, काय झालंय, किती जण आहोत. हा सराव बंद रेडिओवर करा. भेदरलेलं मूल ‘कुठे’ सांगायला विसरतं, म्हणून त्याची उजळणी सगळ्यात जास्त हवी.

पहिला मुक्काम

पहिला कॅम्प एका रात्रीचा, आणि घरापासून चालत जाता येईल अशा जागी. बेटाच्या दुसऱ्या टोकाला सुद्धा मुलांना परदेशी गेल्यासारखं वाटतं. शेजारच्या बेटावर जायचं ते पुढच्या वर्षी. तिकडे जाल तेव्हा एका दिवसाचं जास्तीचं अन्न आणि औषधं बरोबर हवीत, कारण परतीची बोट रद्द होऊ शकते, आणि तसं होऊ शकतं हे पालकांना आधीच सांगून ठेवा.

तंबू कुठे लावायचा? किनाऱ्यावर वाळलेल्या शेवाळाच्या आणि काड्यांच्या रेषा दिसतात. ओल्या रेषेकडे बघू नका. सगळ्यात वरची, वाळून भुरभुरीत झालेली रेषा शोधा. उधाणाचं पाणी तिथवर येऊन गेलेलं असतं. तिच्याही बऱ्याच वर तंबू लावा, नारळाची झाडं असतील तर त्यांच्याखाली नको. वाळूत तंबूच्या खुंट्या टिकत नाहीत, रात्री वारा सुटला की उपटून येतात. हातभर लांबीची जाड काठी घ्या, तिच्या मध्यावर दोर बांधा, कोपरभर खोल खड्डा करून काठी त्यात आडवी, दोराला काटकोनात ठेवा, आणि वर वाळू दाबून भरा. दोर वर येतो त्या बाजूला वाळूत तिरपी चर पाडली की ताण सरळ काठीवर येतो. मोठ्या माणसानं ओढूनही ती सहसा निघत नाही. मुलांना ओढून बघू द्या.

लहान बेटांवर, विशेषतः प्रवाळांच्या, गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत असतं. वाळूतून घाण झपाट्यानं झिरपते. म्हणून शौचाची जागा विहिरीपासून किमान तीस मीटर दूर, आणि शक्यतो असलेली शौचालयंच वापरा. साबणाचं पाणीही विहिरीजवळ नको. किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड मीठ मुरलेलं असतं, त्याच्या धुरात विषारी द्रव्यं येतात, त्यावर स्वयंपाक करू नका. कासवं अंडी घालतात त्या किनाऱ्यावर हंगामात शेकोटी आणि टॉर्च दोन्ही बंद, कारण अंड्यातून निघालेली पिल्लं उजेडाच्या मागे चुकीच्या दिशेला जातात.

मुलं बेट सोडून जातात तेव्हा

चौदा-पंधराव्या वर्षी, नायक तयार झाला असं वाटतं तेव्हाच, मूल शिक्षणासाठी मोठ्या गावाला जातं. लहान बेटांवरच्या पथकांना हा धक्का दरवर्षी बसतो, आणि बरीच पथकं त्यातच मोडतात. याची तयारी आधीपासून करा. प्रत्येक नायकाच्या हाताखाली उपनायक हवा, आणि वर्षातले शेवटचे तीन महिने सभा उपनायकानं चालवाव्यात, नायकानं बाजूला उभं राहून बघावं. गेलेल्या मुलाला तिकडच्या पथकाचा पत्ता मिळवून द्या, तुमच्या राष्ट्रीय संस्थेला ते सहज जमतं. सुट्टीत परत आलं की त्याला पाहुणा म्हणून बसवू नका, काम द्या.

उरलेल्या मुलांना जग दिसत राहावं म्हणून दर ऑक्टोबरमधली जांबोरी ऑन द एअर, म्हणजे स्काऊटांचा रेडिओवरचा मेळावा, चुकवू नका. हौशी रेडिओवरून जगभरचे स्काऊट एकमेकांशी बोलतात, १९५८ पासून हे चालू आहे, आणि आता त्याच दिवसांत इंटरनेटवरही जांबोरी भरते. बेटावरून येणारा आवाज ऐकायला हौशी रेडिओवाले उत्सुक असतात, तेव्हा तुमच्या मुलांना बोलणारा समोरून मिळेलच. परवानाधारक रेडिओवाला जवळपास नसेल तर इंटरनेटची बाजू धरा, पण वेग कमी असतो हे लक्षात घेऊन लिहून करायच्या गप्पांवर भर द्या.

आणि पथकाची एक जाड वही ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कारण खाऱ्या हवेत कागद लवकर जातो. त्यात प्रत्येक सभेची तारीख, हजेरी, काय केलं, काय फसलं. भरतीच्या मोजण्या. कोणाकडून कोणती जागा कळली. लाइफ जॅकेटं किती, कोणत्या मापाची, कधी तपासली. राष्ट्रीय संस्थेचे पत्ते आणि नोंदणीचा क्रमांक. प्रमुखाची बदली झाली किंवा तो आजारी पडला तर नव्या माणसाला दुसऱ्या दिवशी सभा घेता आली पाहिजे, इतकं त्या वहीत असावं. ती लिहिण्याचं काम दर महिन्याला वेगळ्या मुलाकडे द्या, आणि महिन्याच्या शेवटच्या सभेत ती सगळ्यांसमोर वाचून घ्या.